पाकिटातली चित्रं

परवा आमच्या साहेबांनी माझ्या टेबलावरची चार कार्डं पाहिली आणि विचारलं, "हे काय, पत्ते?"

"नाही साहेब, सिगारेटच्या पाकिटातली कार्डं. विलायती, 1938 सालची. चोरबाजारात मिळाली."

त्यांनी एक उचललं. त्यावर आगलाव्या बॉम्बवर हातपंपानं पाणी मारणारी माणसं होती. महायुद्ध यायचं होतं आणि विल्स कंपनी सिगारेटीबरोबर बचावाचे धडे वाटत होती! "म्हणजे जाहिरातच की! यात कला कुठली?" साहेब म्हणाले, आणि लगेच बँकवाल्याचा प्रश्न, "किती येतील याचे?"

या दोन वाक्यांशी माझं भांडण आहे. तिथं बोललो नाही, कारण रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. इथं बोलतो.

हो, जाहिरातच. मुळात हा पुठ्ठा सिगारेटी मोडू नयेत म्हणून घातलेला. मग कुणाला तरी सुचलं, यावर चित्र छापावं, पन्नासांची मालिका काढावी, म्हणजे गिऱ्हाईक पन्नास पाकिटं ओढील. हेतू शुद्ध गल्ल्याचा. पण शिळाछापाच्या काळात या अडीच इंची तुकड्यासाठी रंगागणिक वेगळा दगड लागे. एका गुलाबी गालासाठी ठिपक्यांवर ठिपके! चित्रकाराचं बहुधा नावही नाही. आमच्याकडे माणसं स्वतःची सहीसुद्धा इतक्या निगुतीनं करत नाहीत.

आता किंमत. होनस वॅग्नर या अमेरिकन बेसबॉलपटूनं 1909च्या सुमारास आपलं कार्ड छापायला हरकत घेतली, म्हणून त्याची थोडीच बाहेर पडली. त्यातलं एक 2022 साली 72 लाख 50 हजार डॉलरला गेलं. त्याच मालिकेतली, तितकीच देखणी बाकीची कार्डं भावात त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. मग पैसे चित्राचे की टंचाईचे? टंचाईलाच भाव द्यायचा, तर आमच्या कॅशियरकडची सुट्टी नाणी आधी लिलावात काढा!

माझा माणूस वेगळा. जेफरसन बर्डिक. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजमध्ये विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. संधिवातानं वाकडी झालेली बोटं. त्यानं तीन लाखांवर कार्डं आणि तसलेच कागद जमवले आणि 1947पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. शेवटी शेवटी तिथंच बसून ती स्वतःच्या हातानं अल्बमात चिकटवली. चक्क खळ लावून! आजचे प्लॅस्टिकच्या डबीत कार्ड बंद करणारे संग्राहक हे ऐकून डोळे पांढरे करतात, कारण मागं डाग पडला की भाव बसला. त्याला भाव नको होता, कार्डं नीट लागलेली हवी होती. 1963च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. त्याचे अल्बम आज रेम्ब्रांटची छापचित्रं ज्या विभागात आहेत, त्याच विभागात आहेत.

साहेबांना हे सांगून उपयोग नाही. त्यांच्या दिवाणखान्यात रविवर्म्याची लक्ष्मी सोनेरी चौकटीत आहे. सत्यनारायणाला गेलो तेव्हा प्रसाद घेता घेता जवळून पाहिली. कॅलेंडरची आहे. खालचं दुकानाचं नाव कात्रीनं कापलंय, पण कात्री थोडी वाकडी गेलीय. लक्ष्मीच्या पायाशी अजून 'अँड सन्स' शिल्लक आहे.