साप चावला तर आधी चाकूर की थेट लातूर?

सोयाबीनच्या काढणीत विळा चालवताना मुठीत धाटांबरोबर काहीतरी गार लागतं. ताडपत्री उचलून बनीम हलवायला जावं तर खालून सळसळत काही निघतं. रात्री दोनला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला निघालात आणि बांधावर पायाला चटका बसला. चाकूर, नळेगाव, चापोली, वडवळ या भागात राहणाऱ्यांना यात नवं काही नाही. शेतात राहायचं तर साप दिसणारच. नवीन आहे ती सरकारदरबारी घडलेली एक गोष्ट. तिचा तुमच्या घराशी थेट संबंध आहे, म्हणून हा लेख.

२७ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाचा समावेश 'नोंद करणं बंधनकारक' असलेल्या आजारांत करायला सांगितलं. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने सर्पदंशाचा संशयित रुग्ण आणि त्यामुळे झालेला मृत्यू कळवावा, असा त्याचा अर्थ. लातूरच्या शेजारच्या कर्नाटकने हे पाऊल त्याच वर्षी फेब्रुवारीत उचललं होतं. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

नोंदीची एवढी गरज का पडली? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. रुग्णालयांच्या नोंदींत दिसणारा आकडा याच्या जवळपासही जात नाही. कारण बहुतेक मृत्यू खेड्यात, घरीच होतात. जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि गेलेल्यांत पाव भागाहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. जो मृत्यू कागदावर येत नाही, त्याच्यासाठी औषधाचा साठाही पाठवला जात नाही. प्रतिविषाच्या किती कुप्या कुठे लागतील याचं गणित आदल्या वर्षीच्या नोंदींवरच मांडलं जातं.

म्हणून पहिली विनंती. दवाखान्यात गेल्यावर 'काहीतरी चावलं' एवढ्यावर थांबू नका. साप दिसला असेल, सापाचा संशय असेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर ते लिहिलं गेलं का ते पाहा.

पण नोंद म्हणजे उपचार नव्हे. माझं मत विचाराल तर सर्पदंशात माणूस वाचणार की नाही हे बरंचसं चावा आणि प्रतिविषाचा पहिला डोस यांमधल्या वेळेवर ठरतं. आणि ही वेळ अजूनही नातेवाइकांच्या हातात आहे.

जवळचं रुग्णालय की मोठं रुग्णालय

साप चावला की घरात पहिली चर्चा होते ती गाडीची. कुणीतरी म्हणतं, "हितं काय व्हायलंय, सरळ लातूरलाच न्या." चाकूरहून लातूर पस्तीस-चाळीस किलोमीटर. त्यात आधी वस्तीवरून रस्त्यावर यायचं, गाडी मिळवायची, शहरात शिरायचं. विष मात्र चावल्या क्षणापासून काम करत असतं.

ज्या सर्वांत जवळच्या ठिकाणी प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर आहे, तिथे आधी जा. ते प्राथमिक आरोग्य केंद्र असेल किंवा चाकूरचं ग्रामीण रुग्णालय असेल. पहिला डोस तिथे सुरू होऊ द्या. पुढे श्वासाचं यंत्र किंवा डायलिसिस लागण्याची शक्यता दिसली तर तिथलेच डॉक्टर तुम्हाला १०८ च्या रुग्णवाहिकेतून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील. डोस घेऊन लातूरला निघालेला रुग्ण आणि डोसाविना निघालेला रुग्ण यांच्या प्रवासात फार फरक असतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तुमच्यापैकी काहींनी ती अनुभवली असेल. लहान ठिकाणी कधीकधी डोस न देताच चिठ्ठी लिहून पुढे पाठवलं जातं. साठा संपलेला असतो, किंवा प्रतिविषाची तीव्र रिअॅक्शन येईल अशी भीती डॉक्टरला असते. ही भीती खोटी नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि काही रुग्णांना त्याची रिअॅक्शन येते. पण तिच्यावर अॅड्रेनालिन हे स्वस्त आणि परिणामकारक इंजेक्शन आहे, आणि ते जवळ ठेवूनच प्रतिविष द्यायचं असतं. विषाची लक्षणं दिसत असताना रिअॅक्शनच्या भीतीने डोस टाळणं योग्य नाही. अशा वेळी नातेवाइकांनी शांतपणे, हात जोडून विचारायला हरकत नाही: "डॉक्टरसाहेब, पहिला डोस इथंच देता येईल का?" भांडू नका. भांडणात जाणारी मिनिटं तुमच्याच माणसाची असतात.

त्याहून बरं म्हणजे हे आधीच विचारून ठेवणं. पेरणीच्या आधी एकदा आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे पाहून या. ग्रामसभेत विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. कृती आराखड्याबरोबर १५४०० या हेल्पलाइनचीही घोषणा झाली, पण तिची सुरुवात पुदुच्चेरी, मध्य प्रदेश, आसाम, आंध्र प्रदेश आणि दिल्ली इथे करण्याचं ठरलं. तुम्ही १०८ च लावा.

चावा दिसत नाही, दुखतही नाही

आपल्याकडे जीव घेणारे साप प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस किंवा फुरसं चावलं तर बहुधा लगेच कळतं. जागा सुजते, ठणकते, जखमेतून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. नाग चावला तरी सहसा दुखतं आणि सूज येते. फसवते ती मण्यार.

मण्यार रात्री उंदरांच्या मागे घरात येते आणि खाली झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज येत नाही, कित्येकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा-सोडा दिला जातो. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं नाकातून येतं, थुंकी गिळवत नाही, मान सावरत नाही. खाली झोपलेल्या माणसाला पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, ही जोडी दिसली तर साप कुणी पाहिलेला नसला तरी सर्पदंश समजूनच दवाखाना गाठा. मी ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो, कारण यात दोन-तीन तास अपचनाच्या उपचारात जातात.

पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. असा रुग्ण डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत. माणूस गेला असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. श्वास यंत्राने चालू ठेवला तर काही दिवसांत असे रुग्ण उठून चालत घरी जातात. म्हणून त्याच्या उशाशी बसून रडारड करू नका, आणि 'आता काय उपयोग' म्हणून रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह तर मुळीच धरू नका.

दवाखान्यात काय चाललंय ते समजून घ्या

'इंजेक्शन द्यायचं सोडून नुसतं रक्त बाटलीत घेऊन बसले,' ही तक्रार नेहमीची. ती एक तपासणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस-फुरशासारखं विष रक्तात उतरल्याचं कळतं. या वीस मिनिटांत डॉक्टर रिकामे बसलेले नसतात.

प्रतिविष प्रत्येक सर्पदंशाला देत नाहीत. बिनविषारी साप चावतात आणि विषारी साप कधीकधी विष न सोडताही चावतो. लक्षणं नसतील तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात, पण ते निदान २४ तास ठेवावं लागतं. 'काही होत नाही' म्हणून संध्याकाळी सुट्टी मागू नका. विषाची लक्षणं दिसली तर सुरुवातीला ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात. लहान मुलालाही तेवढ्याच. अनेक आयांना हे चुकीचं वाटतं, पण सापाने सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही.

आपलं प्रतिविष या चारही सापांवर एकत्रित चालतं. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारून पिशवीतून आणण्याची गरज नाही. मारायला गेलेल्या दुसऱ्या माणसाला चावल्याची उदाहरणं आहेत. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

पारावर नेण्याआधी

वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्या भागात झाडपाल्यावरचा विश्वास जुना आहे. त्या विश्वासाची मी थट्टा करणार नाही. पण नाग-मण्यारीचं विष उतरवणारी मुळी किंवा पाला नाही. कडुलिंबाचा पाला खाऊ घालून 'कडू लागतो का' विचारतात, त्यानेही विष चढलं की नाही ते कळत नाही. मारुतीच्या पारावर न्यायचं असेल तर दवाखान्यातून परतताना न्या, नारळ तेव्हा फोडा. चावलेला साप बिनविषारी असला की माणूस पारावरही बरा होतो. मांत्रिकाचं नाव होतं ते त्यामुळे.

चावलेला हात किंवा पाय काठी-फळी लावून हलणार नाही असा ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. दोरीने आवळून बांधू नका. रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमवावे लागतात. चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं हे सगळं नुकसानच करतं. रुग्णाला चालवू नका. मोटारसायकलच असेल तर दोघांच्या मध्ये बसवा. वेळ लक्षात ठेवा: किती वाजता चावलं, पापण्या कधी जड झाल्या. डॉक्टरला सापाच्या रंगापेक्षा याचा उपयोग जास्त.

मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे आणि नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या डॉक्टरांनी तालुक्याच्या ठिकाणी राहून वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवले आहेत. मुखेड आपल्याच पट्ट्यातलं. हे काम मोठ्या शहराशिवाय होत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

रात्रीची लाईट

सर्पदंशाची चर्चा आरोग्य खात्यापुरती ठेवली जाते, ते मला पटत नाही. शेतीला थ्री-फेज वीज रात्री मिळते म्हणून माणूस अंधारात, ओल्या बांधावर, बहुधा चपलेवर जातो. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे. ती तुमच्या फीडरवर कधी येणार हे विचारणं हाही सर्पदंश टाळण्याचाच भाग आहे. तोवर गमबूट, बॅटरी आणि हातात काठी. सोयाबीन काढताना डाव्या हाताला जाड हातमोजा. आखाड्यावर झोपताना खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. मण्यारीविरुद्ध एवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. सरपणाच्या तुराट्या आणि धान्याची पोती झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. उंदीर असतील तिथे साप येतातच.

विंचवाचं थोडक्यात. नुसती कळ असेल तर घाबरू नका, पण दरदरून घाम, हातपाय गार आणि उलट्या असतील तर ताबडतोब दवाखाना. जालना जिल्ह्यातून आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये प्राझोसिन या साध्या गोळीने हे मृत्यू किती टाळता येतात ते दाखवून दिलं. कुत्रा, माकड किंवा कोल्हा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

सुट्टी मिळाल्यानंतर

घोणस चावलेल्याची लघवी कमी झाली, लाल किंवा काळपट झाली, तर लगेच परत या. मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते. प्रतिविष घेतलेल्या काहींना एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ येतं. ते विष पुन्हा चढलेलं नसतं, औषधाने जातं, पण डॉक्टरला दाखवा.

केसपेपर आणि सुट्टीचं कार्ड जपून ठेवा. दुर्दैवाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश दोन्ही येतात. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली १० ते ७५ वर्षांची व्यक्ती गेल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, उशीर न करता द्यायचा असतो, आणि तिथे सर्पदंशाचा वैद्यकीय पुरावा लागतो. घरीच गेलेल्या माणसाच्या वारसांची अडचण नेमकी इथेच होते.