आपल्या सुट्ट्या आणि अंदमानचा पाऊस

मे महिना अर्ध्यावर आला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : मान्सून अंदमानात दाखल. मराठवाड्यात ती वाचून जीव सुखावतो. त्याच आठवड्यात आपल्या शहरातली कितीतरी कुटुंबं बॅगा भरून त्याच अंदमानला निघालेली असतात. छत्रपती संभाजीनगरच्या समर्थनगरात माझं सहलींचं छोटं ऑफिस आहे आणि ही गोष्ट मला दर उन्हाळ्यात अस्वस्थ करते. समुद्र खवळायला लागतो नेमक्या तेव्हाच आपण आजी-आजोबांना आणि कडेवरच्या पोरांना घेऊन बोटीत बसतो. कारण एकच, शाळेला सुट्टी आहे.

अंदमानचा पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत आटोपणारा नाही. मेच्या उत्तरार्धात नैऋत्य मान्सून येतो. तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरपासून ईशान्येचे वारे सुरू होतात आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस येतात. वर्षाकाठी तिथे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; आपल्या शहरात जेमतेम ७००. कोरडे आणि शांत दिवस साधारण जानेवारी ते एप्रिल. आता महाराष्ट्रातल्या शाळांचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. उन्हाळ्याची सुट्टी मेमध्ये, दिवाळीची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मधले चांगले महिने स्नेहसंमेलन, सराव परीक्षा, वार्षिक परीक्षा यांत गेलेले. दोन्ही मोठ्या सुट्ट्या बेटांच्या दोन पावसांवर जाऊन पडतात.

पावसात भिजायला काय हरकत आहे, असं ग्राहक म्हणतात. भिजायला काहीच हरकत नाही. अडचण बोटींची आहे. श्री विजयपुरमहून, म्हणजे २०२४पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरहून, स्वराज द्वीपला जायला समुद्रातून दीडदोन तास लागतात. त्या बेटावर प्रवासी विमानांची धावपट्टी नाही. हेलिकॉप्टर आहे, पण त्यात जागा मोजक्या. वारा वाढला, बंदरावर धोक्याचा इशारा लागला की बोटी थांबतात आणि माणूस जिथे असेल तिथेच राहतो. डिसेंबर २०१६मध्ये असंच झालं. पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ होऊन चेन्नईवर आदळलेली प्रणाली आधी अंदमानजवळ घोटाळत होती आणि हजाराहून अधिक पर्यटक तेव्हाच्या हॅवलॉक (म्हणजे आताच्या स्वराज द्वीप) आणि नील बेटांवर अडकले. त्यांना आणायला नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं पाठवावी लागली. मे महिनाही बेभरवशाचाच. २०२३चं ‘मोखा’ वादळ मेमध्येच अंदमानच्या शेजारच्या समुद्रात तयार झालं होतं.

आपल्याकडच्या माणसाला यात जास्त झळ बसते. चिकलठाण्याहून तिकडे थेट विमान नाही. मुंबई किंवा हैदराबाद, पुढे चेन्नई किंवा कोलकाता, अशी साखळी असते. एक बोट रद्द झाली की पुढची सगळी तिकिटं वाया. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला दुसऱ्या एका शहरातल्या सहल कंपनीने परतीच्या विमानाच्या अगदी आदल्या संध्याकाळची बोट दिली होती. बोट सुटली नाही. सहा माणसांची नवी विमान तिकिटं त्यांनी शेतीच्या पैशातून काढली. ‘मान्सून स्पेशल’ म्हणून ती सहल त्यांना स्वस्तात मिळाली होती. स्वस्त का, हे त्या रंगीत पत्रकावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मला याचाच राग आहे. हवामान कुणाच्या हातात नसतं, पण ते सांगणं तर आमच्या हातात असतं ना?

तापमानाचंही तसंच. पत्रकात ‘कमाल ३२ अंश’ असं असतं आणि ४१ अंशांत भाजून निघालेल्या आपल्या माणसाला वाटतं, चला, थंड हवेला चाललो. दमट हवेतले ३२ अंश काय असतात ते सेल्युलर जेलच्या उघड्या अंगणात दुपारी बारा वाजता कळतं. घाम वाळतच नाही. आपलं शहर पठारावर आहे, मेमध्येही गच्चीवर रात्री वाऱ्याची झुळूक येते. तिथे रात्रही चिकट. शिवाय बेटं आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला, पण घड्याळ एकच. सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात तर पाच वाजता अंधारून येतं. नऊ वाजता निवांत पोहे खाऊन निघणाऱ्यांचा अर्धा दिवस हॉटेलातच जातो.

आणि पाणी. एवढ्या पावसाच्या बेटांवर उन्हाळ्यात टंचाई असते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. डोंगरउताराची बेटं, पडलेलं पाणी समुद्राला मिळतं. श्री विजयपुरमची मोठी भिस्त धनीखारी धरणावर आहे आणि पर्यटकांचे कोरडे महिने हेच ते धरण खाली जाण्याचे महिने. जायकवाडी उशाशी असून कित्येक दिवसांनी नळ येणाऱ्या शहरातली आपण माणसं. तिथल्या बाईची घागर आपल्याला नाही कळणार तर कुणाला कळेल? तिथे हॉटेलात शॉवर सोडून उभं राहू नका, एवढं मी प्रत्येक ग्रुपला बजावते.

ज्या ढगांवर पर्यटक वैतागतो, त्यांची वाट तिथलं प्रवाळही पाहत असतं. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला, आभाळ निरभ्र, समुद्राचं पाणी तापत जातं. फार तापलं की प्रवाळाला रंग आणि अन्न देणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं. २०१०च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. ढग आले, वारा सुटला की पाणी निवतं.

फुलंब्रीकडच्या आमच्या शेतावरून याच दिवसांत भावाचा फोन येतो, ‘ताई, अंदमानात आला म्हणे, आता आपल्याकडे कधी?’ त्यालाही मी दरवर्षी तेच सांगते, त्या बातमीवर बियाणं काढू नको. मान्सून अंदमानात लवकर पोहोचला म्हणून केरळात लवकर येतोच असं नाही आणि पाऊस किती पडणार हे तर त्यावरून मुळीच कळत नाही. २०२३मध्ये तो १९ मेला अंदमानच्या समुद्रात आला, केरळात पोहोचायला ८ जून उजाडला आणि पुढे ऑगस्ट कोरडा गेला. २०२५मध्ये १३ मेला अंदमानात, २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात. मग वाटेत थबकला. आणि सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली घातली. जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरायचं नाही, हे आमच्या दादांचं सांगणं आजही खरं आहे.

सहलीपुरतं माझं म्हणणं सरळ आहे. अंदमान विकणाऱ्या प्रत्येकाने कोटेशनवरच त्या आठवड्यातल्या समुद्राची नेहमीची स्थिती छापावी आणि बोट रद्द झाली तर खर्च कुणाचा तेही. मेमध्ये जायचंच असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा, तेही हवामान खात्याचा अंदाज बघून. दिवाळीत जाणार असाल तर बाहेरची बेटं आधी करा आणि शेवटच्या दोन रात्री श्री विजयपुरमलाच ठेवा. सेल्युलर जेल पावसातही बघता येतं. सावरकरांना तिथे नेलं तेही ४ जुलै १९११ला, भर पावसाळ्यातच. ज्यांना निळं पाणी आणि प्रवाळच बघायचं आहे त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी धरावा आणि प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी त्यासाठी मागितलेली आठवडाभराची रजा नाकारू नये. तिसरी-चौथीतल्या मुलाचा बुडालेला अभ्यास दोन रविवारांत भरून निघतो. मी यंदापासून १५ मेनंतरचं एकही अंदमान बुकिंग घेणार नाही.