परसात फरशी टाकण्याआधी

घराचे बांधकाम संपत आले की एक प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. परवा बीपीच्या गोळ्या लिहून घेता घेता एका काकांनी विचारला. "डॉक्टर, घरामागं वीस बाय तीसची जागा उरलीय. सगळी फरशी करून टाकतो. चिखलाची कटकट नको, आईला बसायला बरं होईल, पोरं खेळतील. मधे एक लिंबाचं झाड येतंय, ते काढावं लागेल."

मी म्हणालो, "काका, लिंब काढून फरशी टाकली तर आई तिथं बसणारच नाहीत." काका थोडे नाराज झाले. बीपी तपासायला आलेल्या माणसाला बांधकामाचा सल्ला कशाला, असे त्यांना वाटले असावे. पण परस म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीची जागा आहे, आणि आपल्याकडे ती बांधताना डॉक्टरपेक्षा मिस्त्रीचे जास्त ऐकले जाते.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरामागे मी स्वतः भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक टाकून घेतले होते. दिसायला सुरेख. पहिल्या उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता तिथे चप्पल काढून उभे राहवेना. माझी आई पूर्वी तिथे बाज टाकून भाजी निवडत बसायची, ती पुन्हा आत कूलरसमोर जाऊन बसली. वर पत्र्याचे शेड टाकले, तर वरून पत्रा आणि खालून ब्लॉक, अशी भट्टीच झाली. दोन वर्षांनी अर्धे ब्लॉक उचलले.

असे का होते? काँक्रीट आणि फरशी दिवसभर ऊन साठवतात आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता हळूहळू बाहेर सोडतात. झाडाचे उलट आहे. ते ऊन वरच अडवते आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवा थोडी गार करते. एप्रिल-मेमध्ये जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही, तर हृदयावरचा ताण उतरत नाही. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, घाम कमी येतो, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी कमी होते. उन्हाळ्यात चक्कर आली म्हणून येणाऱ्या आजी-आजोबांना मी आता विचारतो, "रात्री कुठं झोपता?"

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. परसात पहिला खर्च सावलीवर करा, फरशीवर नको. पश्चिमेच्या बाजूला, भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून, पाऊस पडल्यावर एक कडुनिंब लावा. जागा लहान असेल तर पेरू, सीताफळ, लिंबू चालेल. शेवगा लवकर वाढतो, पण वाऱ्यात फांद्या मोडतात आणि पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात, अंगाला लागले की खाज सुटते. तो बसायच्या जागेपासून लांबच बरा. झाड मोठे होईपर्यंत हिरवी जाळी बांधा.

हिरवे पाहून बरे वाटते, हा नुसता कवींचा समज नाही. रॉजर उल्रिक या संशोधकाचा एक अभ्यास १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि वेदनेची जोरदार औषधे त्यांना कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. तरी आजारी माणसाची कॉट परसाकडच्या खिडकीशी लावायला पैसे लागत नाहीत.

आता बसण्याविषयी. बाज आपल्याला प्रिय आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना खोलगट बाजेवरून उठणे म्हणजे शिक्षा. त्यांच्यासाठी बसल्यावर पाय जमिनीला टेकतील अशी, साधारण दीड फूट उंचीची आणि हाताला आधार असलेली जागा हवी. ओटा बांधणार असाल तर तोही याच उंचीचा बांधा. दारापासून न्हाणीपर्यंतची वाट मात्र पक्की करा, पण खरबरीत. गुळगुळीत टाइल्सवर साबणाचे पाणी, हातात बादली आणि पायात झिजलेली स्लीपर, यातून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. एक दिवा त्या वाटेवर हवाच.

लहान बाळाला "कोवळ्या उन्हात" धरायची आपल्याकडे पद्धत आहे. सकाळी सातच्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच कमी असतात. थंडीत दहा-अकराच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटे, डोळ्यांवर ऊन न येऊ देता बसवले तर उपयोग होतो. उन्हाळ्यात त्या वेळी मुलांना सावलीतच ठेवा.

पाण्याचा विषय जास्त गंभीर आहे. नळाला रोज पाणी येत नाही तिथे परसात ड्रम, रांजण, सिमेंटची टाकी असणारच. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. "जपून ठेवलेलं पाणी ओतून देऊ का डॉक्टर?" असे बायका विचारतात, आणि त्यांचे बरोबर आहे. ओतू नका. ड्रमच्या तोंडाला जुन्या सुती साडीचे फडके घट्ट बांधा. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. भांडे रिकामे होईल तेव्हा आतून घासा, कारण अंडी भिंतीला चिकटतात आणि पाण्याशिवायही कित्येक महिने टिकतात. कुंड्यांखालच्या बशा, कूलरची टाकी, कोपऱ्यातले टायर विसरू नका.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघड्या गटारी आणि त्याबरोबर डास कमी केले, ते 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखले जाते. शेजारी अळू आणि केळ लावली की उरलेले पाणीही कामी येते.

बांधकामाच्या उरलेल्या विटा आणि दगड "लागतील कधीतरी" म्हणून परसात पडून असतात. तो विंचवाचा वाडा. लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते. पूर्वी त्याने पुष्कळ माणसे दगावत. प्राझोसिन या औषधाने ते थांबवता येते, हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे, हे इथे अभिमानाने सांगतो. विंचू चावून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि तो ढीग या रविवारी हलवा.

शोभेसाठी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, कुंपणाला लावतात. तिच्या बियांशी पोरे खेळतात. ते बी पोटात गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात. लहान मुले असलेल्या घरात ती नको. जास्वंद, मोगरा, पारिजातक काय कमी आहेत? फवारणीची औषधे तर परसातल्या उघड्या फळीवर कधीच ठेवू नका, कोल्ड्रिंकच्या बाटलीत मुळीच नाही. रिकामे डबे धुऊन पाण्याला वापरणेही बंद करा.

काका पुढच्या महिन्यात बीपी दाखवायला आले. फरशी टाकलीच होती, पण दारापासून न्हाणीपर्यंत तीन फुटांची पट्टी, शहाबादी, पॉलिश न केलेली. लिंब ठेवला. बीपीही जरा उतरले होते, पण ते गोळीमुळे, लिंबामुळे नाही, हे मी त्यांना सांगितले. आईसाठी ओटा बांधायचा की हाताची खुर्ची आणायची, यावर घरात अजून वाद चालू आहे म्हणे.