अतिथीचे पहिले पाऊल

लंडनला मुलाकडे गेलेले मुलुंडचे वा बोरिवलीचे दांपत्य हीथ्रो विमानतळावरून भुयारी रेल्वेने निःसंकोच शहरात जाते. त्यात कमीपणा वाटत नाही. तीच मंडळी सहारला उतरली की टॅक्सी शोधू लागतात. दोष केवळ मानसिकतेचा नाही. हीथ्रोला भुयारी रेल्वे १९७७ मध्ये पोहोचली. मुंबईच्या विमानतळाच्या दारात भुयारी मेट्रो येण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. ही प्रगती अभिनंदनीयच. मात्र रात्री मेट्रो विसावते आणि परदेशची अनेक विमाने नेमकी मध्यरात्रीनंतर उतरतात. शिवाय ही मेट्रो मुलुंड-बोरिवलीला जात नाही. तेथे गरज असते ती बसचीच.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ‘बेस्ट’ महापालिकेची, म्हणजेच मुंबईकरांची झाली. या बसला विमानतळावर मानाची जागा, मराठीतील ठळक फलक आणि रात्रभराचे भरवशाचे वेळापत्रक असणे, ही चैन नव्हे.

या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये, अशी ताकीद देणाऱ्या राजाच्या नावाखाली थकलेल्या प्रवाशाकडून कोणीही मनमानी भाडे उकळावे, हे लांच्छनास्पद होय. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाचे स्वागत घोषवाक्यांतून नव्हे, व्यवस्थेतून दिसले पाहिजे.

आणि बस मागणाऱ्या समाजानेही ती मिळेल तेथे आवर्जून वापरावी. रिकामी धावणारी बस फार काळ धावत नाही.