शेखर चोर होता, तरी आपला वाटला

नायक निष्कलंक असला तरच प्रेक्षक त्याच्या बाजूने उभे राहतात, हा समज ‘किस्मत’ने १९४३ सालीच खोटा ठरवला. बॉम्बे टॉकीजच्या या चित्रपटात अशोककुमारांनी रंगवलेला शेखर तुरुंगातून सुटलेला चोर आहे आणि सुटल्यावरही तो चोरी सोडत नाही. मात्र अधू पायाच्या राणीवरील उपचारांसाठी तो पुन्हा चोरी करतो, तेव्हा प्रेक्षक मनोमन त्याला साथ देतो. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

शेवटी शेखर एका धनिकाचा हरवलेला मुलगा निघतो. माझ्या मते, ही पटकथेने घेतलेली माघार आहे. प्रेक्षकांनी कुळ न विचारताच त्याला केव्हाच क्षमा केली होती. कुळाचा दाखला पटकथेलाच हवा होता.