भरवस्तीतले वीस रुपये

गेल्या आठवड्यातल्या लेखावर एका डॉक्टर वाचकांचं पत्र आलं आहे. त्यात मी केलेलं जबलपूरच्या 20 रुपये फी घेणाऱ्या डॉ. मुनीश्वरचंद्र डावरांचं कौतुक त्यांना खटकलं. एकानं 20 रुपयांत रोगी तपासायचे आणि त्यापायी बाकीचे सगळे लुटारू ठरायचे, यात कसली आली थोरवी, असा त्यांचा सवाल. पत्र वाचून राग आला.

कर्ज काढून शिकलेल्या, गाळ्याचं भाडं भरणाऱ्या नव्या डॉक्टरनं 20 रुपयांत दवाखाना चालवावा, असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण डावरांनी आयुष्यात कोणाला लुटारू म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. ते आपल्या खुर्चीत बसून रोगी तपासत राहिले, एवढंच. तेवढ्यानं कोणाला टोचत असेल तर दोष डावरांचा नव्हे.

आपल्याकडे दोन रुपयांचा डॉक्टर म्हटलं की डॉ. रवींद्र कोल्हे आठवतात. मेळघाटातलं बैरागड, पहिल्यांदा तपासायचे 2 रुपये, पुन्हा आलात तर 1 रुपया. लग्नासाठी त्यांनी घातलेल्या अटी विदर्भात घरोघरी ठाऊक आहेत: 40 किलोमीटर चालायची तयारी हवी, लग्न 5 रुपयांत नोंदणी पद्धतीनं, महिन्याला 400 रुपयांत संसार, आणि वेळ आली तर दुसऱ्यासाठी भीक मागायची. डॉ. स्मिताताई नागपुरातला चांगला चाललेला दवाखाना सोडून त्या अटींवर गेल्या. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

डावरांनी 1972 मध्ये जबलपुरात दवाखाना थाटला, तेव्हा त्यांचीही फी 2 रुपयेच होती. कुटुंब फाळणीत पलीकडच्या पंजाबातून आलेलं, 1967 साली जबलपुरातूनच एमबीबीएस, 1971 च्या युद्धात लष्करात नोकरी. 1956 पर्यंत जबलपूर आणि मेळघाट एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. म्हणजे जबलपूर आपल्याला परकं नाही. पण कोल्हे आपल्या ओठांवर आहेत आणि डावरांचं नाव 2023 ची पद्मश्री जाहीर होईपर्यंत आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं होतं?

कारण जंगलातला त्याग लांबूनही दिसतो. वाट नाही, वीज नाही, दवाखाना नाही. तिथं गेलेला माणूस मोठा, हे सांगावं लागत नाही. डावर शहरात बसले होते. बरोबरीचे डॉक्टर मोठे होत होते, इमारती उठत होत्या, आणि एखाद्या सकाळी त्यांनी फी 200 केली असती तरी कोणी ब्र काढला नसता. डाळ-तांदूळ महागले तसं दरवर्षी त्यांना नव्यानं ठरवावं लागलं असणार की आपण तेवढी वाढवायची नाही. पन्नास वर्षांत 2 चे 20 झाले. माझ्या मते बैरागडला जाण्यापेक्षा हे टिकवणं अवघड. कोल्हे दाम्पत्याबद्दल मला अतोनात आदर आहे, तरीही हे म्हणतो.

आणि ते 20 रुपये रोग्याच्या बाजूनं पाहा. रिक्षावाल्याला ताप भरला. डॉक्टरची फी 500 असली तर तो मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या घेतो आणि रिक्षा काढतो. तिसऱ्या दिवशी धाप लागते, घरची मंडळी त्याला हाताला धरून नेतात, आणि मग भरती, सलाइन, उसनवारी. फी 20 असली तर तो पहिल्याच संध्याकाळी येतो. शिवाय पैसे देऊन येतो, म्हणून ताठ मानेनं येतो. औषध लागू पडलं नाही तर तसं तोंडावर सांगतो. फुकटच्या शिबिरात माणूस एवढं बोलत नाही.

जुलै 2025 मध्ये डावर गेले. आता पुतळ्याची, चौकाला नाव देण्याची भाषा होईल. पण डावरांना त्यांच्या हयातीत एकही शाल मिळाली नसती तरी तो रिक्षावाला पहिल्याच संध्याकाळी आला असता.

पत्रलेखक डॉक्टरांना माझी विनंती आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांनी दरपत्रक दर्शनी भागात लावावं, असा 2021 पासून नियम आहे. आपली फी आपणही दारावर लावा. आणि खाली एक ओळ लिहा: आठवड्यातून अमुक संध्याकाळी, फी इतकी कमी. कितीही कमी करा, ते आपलं आपण ठरवा. पाटी लागली की कळवा, वार आणि वेळ मी या जागेत छापीन.