गाडीच्या दाराची कटकट ऐका



बैलाच्या पायात काटा रुतला, तर त्याच्या चालीवरून आपल्याला कळतं. मोटारगाडी आपलं दुखणं आवाजानं सांगते. आता पुष्कळ घरांच्या अंगणात, कोठ्याशेजारी, जुनी विकत घेतलेली चारचाकी उभी असते. तिच्या दाराचं कुलूप बिघडलं, तर ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणून आपण सोडून देतो. पण या कुलपाशी घरातल्या लेकरांचा जीव बांधलेला आहे.

आधी आवाज ओळखू या. किल्लीचं बटण दाबल्यावर सगळ्या दारांत एकदाच ‘टक्’ वाजलं, तर सारं ठीक. एकाच दारात ‘कर्र-कर्र’ होतं आणि कुलूप लागत नाही, तर आतल्या लहान मोटरचे प्लॅस्टिकचे दाते बहुधा झिजलेले असतात. ती बदलून घ्यावी. सगळीच दारं दमल्यासारखी वाजतात आणि गाडी सुरू करताना नुसती ‘कट-कट-कट’ होते, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढली आहे. आधी ऋण बाजूची तार सोडा, मग दुसरी. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं टर्मिनल पुसून कोरडी करा. तारा घट्ट आवळताना ऋण तार शेवटी लावा. दार अर्धं उघडल्यावर कुलूप चालतं, पण मिटल्यावर चालत नाही, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली तार तुटली असण्याचा संभव आहे. दार हातानंही अडकत असेल, तर खिटीत धूळ आणि वाळलेलं ग्रीस साचलेलं असतं. ते पुसून थोडं नवं ग्रीस लावावं.

मागचं दार बाहेरून उघडतं, पण आतून उघडत नाही, हा बिघाड नव्हे. दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो मुलांसाठीचा लॉक. चालत्या गाडीतून मूल पडू नये म्हणून तो आहे. पण उभ्या गाडीत हाच लॉक मुलाला आत कोंडतो.

जून २०२३ मध्ये नागपूरच्या फारूकनगरातली तीन लहान मुलं शनिवारी दुपारी दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत मृत सापडली. कुणी पळवून नेलं असेल, या शंकेनं शोध चालला होता, आणि मुलं मात्र हाकेच्या अंतरावर होती.

उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, अर्ध्या तासात वीसेक अंशांनी. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं अंग फार लवकर तापतं.

म्हणून एवढं करा. गाडी अंगणात असली तरी कुलूप लावा आणि किल्ली उंच खुंटीला टांगा. कुलूप बिघडलं असेल, तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा. मुलांना शिकवा: अडकलात तर पुढच्या सीटवर या, दाराचा दांडा ओढा, हॉर्न वाजवत राहा. बहुतेक गाड्यांत किल्लीशिवायही हॉर्न वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, ते पाहून ठेवा.

मूल आत अडकलेलं दिसलं, तर किल्ली शोधत बसू नका. मुलापासून दूरच्या बाजूची काच कोपऱ्यावर घाव घालून फोडा. मुलाला सावलीत घ्या, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि ११२ ला फोन करा. शुद्ध नसेल, तर तोंडात पाणी घालू नका.

मूल दिसेनासं झालं, की आपण आधी विहीर पाहतो, मग ओढा पाहतो. आता त्याच धावेत आळीतली प्रत्येक उभी गाडीही पाहत चला, डिकीसुद्धा.